"खंय?" हा कंट्रोल रूमचा पहिला प्रश्न कुठून आला

गोव्यात पोलिसांच्या कंट्रोल रूमला नवीन लागलो तेव्हा सीनियरने पहिल्याच नाइटला दोन गोष्टी सांगितल्या. वायरलेस सेटचं बटण दाबल्या दाबल्या बोलू नको, जरा थांब, नाहीतर पहिला शब्द मशीन खाऊन टाकतं. आणि फोन आला की "काय झालं" नंतर विचार, आधी "खंय" (कोंकणीत 'कुठे') विचार, कारण लाईन तुटली तरी निदान गाडी कुठे पाठवायची ते कळतं.

पहिल्या गोष्टीला चांगला जुना इतिहास आहे. अमेरिकन पोलीस रेडिओवर टेन-फोर वगैरे जे कोड चालतात ते १९३७ च्या आसपासचे, इलिनॉयच्या पोलिसांतल्या एका रेडिओवाल्याने बसवलेले. प्रत्येक कोडच्या आधी 'टेन' कशाला? तर तेव्हाच्या सेटला बटण दाबल्यावर पूर्ण पॉवर यायला थोडा वेळ लागायचा आणि पहिला शब्द कापला जायचा, म्हणून कापायला एक फालतू शब्द पुढे ठेवून दिला, खरा आकडा त्याच्या मागे. आपल्याकडे ते आकडे कोण वापरत नाही पण थांबायची सवय तीच.

त्याच्याही आधी तर सगळं एकतर्फीच होतं. डेट्रॉईटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांत रेडिओ नीट चालवून दाखवला, पण त्यावर ऐकता यायचं फक्त, उत्तर द्यायचं तर पोलिसाने उतरून कुठेतरी फोन शोधायचा. सुरुवातीला त्यांचं लायसन्स करमणुकीच्या स्टेशनचं होतं, त्यामुळे चोराची खबर आणि गाणी एकाच चॅनलवर! गाडीतून उलट बोलायची सोय १९३३ ला न्यू जर्सीतल्या बेयॉन गावात आली आणि माझ्या मते डिस्पॅचरचा (म्हणजे आमच्यासारखा, रेडिओवरून गाड्या पाठवणाऱ्याचा) धंदा खरा सुरू झाला तो तिथे, कारण आता समोरून "पोचलो" असं कोणीतरी सांगणारं होतं.

लोकांनी फोन करायचा नंबर ही वेगळी गोष्ट. लंडनला १९३५ मध्ये एका घराला आग लागली, पाच बायका गेल्या, आणि शेजारी फोन करत होता तो एक्स्चेंजच्या रांगेत अडकून पडलेला. त्यावरून गदारोळ झाला आणि ३० जून १९३७ ला ९९९ सुरू झाला. अमेरिकेचा ९११ त्याच्या कितीतरी नंतर, १९६८ ला.

गोव्यात वायरलेस म्हटलं की जुन्या माणसांना आधी बांबोळी आठवते. १८ डिसेंबर १९६१ ला हवाई दलाच्या हंटर विमानांनी पोर्तुगीजांचं तिथलं वायरलेस स्टेशन उडवलं. आज त्याच बांबोळीला मेडिकल कॉलेज आहे आणि सीरियस पेशंट घेऊन १०८ वाल्या गाड्या तिकडेच पळतात. (ही १०८ हैदराबादला २००५ ला सुरू झाली, आपल्याकडे २००८ ला.) दिल्लीला पोलीस वायरलेसचं सगळ्या राज्यांसाठीचं समन्वयाचं ऑफिस १९४६ पासून आहे, पण मुक्तीच्या आधी गोव्याचा त्याच्याशी संबंधच नव्हता.

आपल्या रेडिओची अडचण म्हणजे त्याच्या व्हीएचएफ लहरी, त्यांचा आवाज सरळ रेषेत जातो, मधे डोंगर आला की संपला विषय. पणजी-म्हापसा खणखणीत, आणि सत्तरीत नाहीतर सांगे-काणकोणच्या आत गाडी शिरली की नुसती खरखर. म्हणून उंच डोंगरावर रिपीटर बसवतात, तो खालचा आवाज उचलून पुढे फेकतो. पावसात वीज गेली, बॅटरी उतरली, की परत खरखर.

मग ११२. निर्भया फंडाच्या पैशातून शंभर, एकशे एक वगैरे सगळे एका नंबरात आणायचं ठरलं, ट्रायने (टेलिफोन कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) २०१५ ला शिफारस केली, पहिलं राज्य हिमाचल, नोव्हेंबर २०१८. नवीन मोबाईलला पॅनिक बटण पाहिजेच असा नियम २०१७ पासूनचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा दाबायचं. खिशात आपोआप दाबलं जातं ते वेगळं, अर्धी रात्र "सॉरी हां, चुकून लागला" ऐकण्यातच जाते.

आता स्क्रीनवर मॅप येतो, कॉल करणाऱ्याचं लोकेशन येतं, पण जवळपास येतं, नेमकं नाही. आणि टुरिस्ट 'बिचोलिम' म्हणतो, त्यांच्यातलं डिचोली कोणी म्हणत नाही, 'क्वेपेम' म्हणजे केपे हे बाहेरच्या माणसाला कोण सांगणार, म्हणजे मॅपवर एक नाव, फोनवर दुसरं आणि गाडीतल्या ड्रायव्हरच्या तोंडात तिसरं.

एकदा रात्री दोनला एक आजी फोनवर.

"बाबा, कपेलाकडेन एक्सिडेंट जाला, बेगीन यो!"

"खंयच्या कपेलाकडेन, आजी?"

"आमच्या रे!"

गोव्यात कपेलं (छोटी चॅपलं) किती असतील तेवढे वाडे आणि तेवढ्याच आज्या. मग विचारलं लागीं बार खंयचो (जवळ बार कुठला), तिने मालकाच्या टोपणनावाने सांगितला, आणि मी सेटवर तेच टोपणनाव टाकलं. रोबोट (म्हणजे आमची पीसीआर, पोलीस कंट्रोल रूमची गाडी) कडून दोन सेकंदात उत्तर, "कळलं, कळलं, निघालो, ओव्हर." मॅपवर तो बार अजूनही नाही.