आषाढातली रेंज आणि झिप केलेली वही

आषाढात गुहागरला आमच्याकडे रेंज येते ती माडीच्या खिडकीत, तीही पावसाने उसंत घेतली तर. घरातली पावसाच्या नोंदींची जुनी वही मी मराठीत टाइप केली आणि ती पुण्याला भावाकडे पाठवायची होती. आधी कॉम्प्रेस करणं, म्हणजे फाइल आवळून लहान करणं आलंच, पण कशाने?

मराठी मजकूर मुळात भरपूर आवळला जातो. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘कोकण’ ही अक्षरं तीन, पण ओकार वेगळा मोजला जातो, म्हणजे चिन्हं ४ आणि बाइट १२. त्यात गंमत अशी, की दर तिघांतला पहिला बाइट कायम तोच आणि दुसऱ्याला दोनच पर्याय. वर ‘दिवसभर संततधार’ पानोपानी आहेच.

असली पुनरुक्ती हेरायची युक्ती लेम्पेल आणि झिव या संशोधकांनी १९७७ साली मांडली: तोच मजकूर पुन्हा आला की तो न लिहिता ‘इतकं मागे जा, इतके बाइट उचल’ एवढीच खूण ठेवायची. जीझिप (१९९२) हे फाइल आवळायचं टूल याच वाटेने जातं, पण मागे ३२ किलोबाइटच बघतं. देवनागरीत ही जेमतेम अकरा हजार चिन्हं. गेल्या साली लिहिलेली संततधार तोवर नजरेआड झालेली असते. एक्सझेड हे दुसरं टूल नेहमीच्या सेटिंगवरही ८ मेगाबाइट मागचं लक्षात ठेवतं. म्हणून फाइल सहसा लहान होते, पण वेळ आणि मेमरी दोन्ही जास्त लागतात.

हा वेळ परवडतो का, ते रेंजवर. सेकंदाला २ मेगाबिट मिळत असतील (८ बिट म्हणजे एक बाइट), तर वाचवलेले १० मेगाबाइट म्हणजे ४० सेकंद. त्यासाठी लॅपटॉप दीड मिनिट जास्त घुमला तर तोटाच, फक्त फाइल पाठवता पाठवता लाइट जायची नसेल तर!

रोजच्या बॅकअपला मी झेडस्टँडर्ड वापरतो. फेसबुकमध्ये यान कोले यांनी केलेलं हे टूल २०१६ मध्ये खुलं झालं. झपाट्याने काम करतं, आणि आवळायची लेव्हल वाढवली तरी फाइल उघडायचा वेग फारसा पडत नाही. वही मात्र एक्सझेडनेच पाठवली. आवळायची एकदाच होती.

सोबत वहीच्या पानांचे फोटोही झिप केले होते. साइज होती तेवढीच राहिली. जेपेग आधीच कॉम्प्रेस केलेला असतो, हे मला माहीत होतं. तरी करून बघितलं.