पायांवर काटे, डोळ्यांचा षटकोन

गुलाबाच्या कोवळ्या फांदीवर, जाळं न विणता दबा धरून बसलेला सडपातळ कोळी दिसला, की आधी त्याचे पाय पाहा. लांब, काळसर काटे बाभळीसारखे ताठ उभे असतील, तर तो बहुधा लिंक्स कोळी. रंगावर मात्र विसंबू नका. यांच्यात पिवळट-तपकिरी पट्टेवालेही असतात आणि पानात मिसळून जाणारे हिरवेगारही.

खात्री करायची तर भिंग घेऊन समोरून बघा. आठपैकी सहा डोळे षटकोनात मांडलेले असतात आणि उरलेले दोन, अगदी बारीक, त्यांच्या खाली. चेहरा उंच आणि सपाट, पोट मागे निमुळतं. पट्टेवाल्या जातींत बऱ्याचदा डोळ्यांपासून जबड्यापर्यंत दोन काळ्या रेघा उतरलेल्या दिसतात. मला तर ओळखीची ही सगळ्यात देखणी खूण वाटते.

गल्लत होते ती उडी मारणाऱ्या कोळ्याशी, कारण लिंक्सही झेप घेऊनच शिकार करतो. पण उड्या मारणाऱ्याचे पुढचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे टपोरे असतात. लांडगा कोळी बहुतेक वेळा जमिनीवर धावताना दिसतो आणि त्याची मादी अंड्यांची पिशवी शेपटाकडे चिकटवून हिंडते. लिंक्सची मादी पिशवी पानाला किंवा डहाळीला बांधते आणि तिथून हलत नाही. उत्तर अमेरिकेतल्या हिरव्या लिंक्सची मादी तर पिशवीजवळ कुणी आलं की त्याच्यावर विष उडवते!

हिरवे लिंक्स साधारणपणे प्यूसेटिया या प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस), तर बागेतले पट्टेवाले बहुधा ऑक्सिओपस प्रजातीतले. ऑक्सिओपस हे नाव 1804 मध्ये लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं, अर्थ ‘तीक्ष्ण नजरेचा’.

याच्या पुढे जाऊन नेमकी जात सांगणं फोटोवरून फार वेळा जमत नाही. त्यासाठी प्रौढ कोळ्याचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात, आणि पिल्लांमध्ये ते अजून तयारच झालेले नसतात. तोंडाजवळचे दोन छोटे स्पर्शपाद टोकाला मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे फुगलेले दिसले, तर तो नर. तेव्हा फोटो काढताना वरून, बाजूने आणि समोरून असे तिन्ही काढा. समोरचा चुकवू नका, षटकोन तिथेच दिसतो.