दूध-भाकरीवर मांजर जगतं का?

परभणीकडं आमच्या वाड्यात मांजरासाठी जर्मनची एक चेपलेली ताटली ठेवलेली असायची. आजी तीत ज्वारीची भाकरी कुस्करून वर दूध ओतायची. मांजर ते चाटायचंही. त्यामुळं ‘मांजराला दूध-भाकरी पुरते’ हा समज घरोघरी पक्का झाला.

पण ते मांजर जगत होतं कणगीमागच्या उंदरांवर! दूध-भाकरी म्हणजे त्याचं वरचं खाणं. आता फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मांजराला उंदीर कुठले?

मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं द्रव्य त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. ज्वारीत ते नाही, दुधात अगदी थोडं. कमतरता महिनोन्‌महिने राहिली, तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय कमजोर होऊन फुगतं. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे हृदयाचं दुखणं टॉरिनशी जोडून दाखवलं. गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व करणंही मांजराला जमत नाही. शिवाय वाढलेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, मग हगवण लागते.

चिकन उकडलं तर पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं. मात्र नुसतं चिकनही पुरत नाही, कॅल्शियम कमी पडतं. मांजरासाठीचं तयार संपूर्ण खाद्य सोपं.

कुत्र्याचं वेगळं. माणसाजवळ राहून त्याला पिठूळ अन्न पचवता येऊ लागलं, म्हणून भाकरी चालते. सोबत अंडं, मांस हवंच. कांदा-लसणाचं कालवण मात्र दोघांनाही विषारी.