उंदराला मराठी कळत नाही

शुक्रवार पेठेतल्या आमच्या कौलारू घराच्या माळ्यावर गेल्या श्रावणात खुडबुड सुरू झाली. मी सकाळी दारात उभा राहून जरा मोठ्यानंच म्हणालो, "आज उंदराचं औषध आणतो." शेजारच्या काकूंनी हातातली बादली खाली ठेवली आणि ओठांवर बोट धरलं. "नाव घिऊ नगंस! मी सांगतो तुला, त्येला समदं कळतंय. मामा म्हण. न्हाईतर उद्या लुगडी कुरतडंल." ('सांगते' नाही, 'सांगतो'. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात.)

काकूंनी पाहिलंय ते खोटं नाही. औषध ठेवलं की उंदीर चार दिवस तिकडे फिरकत नाही, हे मीही पाहिलंय. फक्त त्याचं कारण आपल्या बोलण्यात नसून उंदराच्या पोटात आहे.

पण आधी माळ्यावर कोण आहे ते बघायला हवं. शिडी लावून, बॅटरी घेऊन वर गेलो. जुन्या गादीच्या कडेला लेंड्या होत्या, साधारण १२ मिलिमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या. म्हणजे काळा घरउंदीर, 'रॅटस रॅटस'. याची शेपटी अंगापेक्षा लांब असते आणि वायरीवरून चालताना ती तोल सांभाळते. घूस असती तर ती गटाराकडेला बिळात सापडली असती, आढ्याशी नाही. लेंडी ओलसर, चकचकीत असेल तर ताजी. काडीनं दाबताच भुगा झाला तर जुनी. तुळईच्या बाजूला काळपट, तेलकट पट्टा उमटला होता. उंदीर रोज एकाच वाटेनं, मिशा आणि अंग भिंतीला घासत जातो, त्या अंगाच्या तेलाचा आणि मळाचा हा डाग. चाप कुठे लावायचा ते हा पट्टाच सांगतो.

आता माझ्या आवडीचा भाग. उंदराला नव्याची धास्ती असते. रोजच्या वाटेवर एखादा डबा जरी नवा दिसला, तरी तो काही रात्री लांबून वळसा घालतो. मग कधीतरी जवळ येतो आणि अगदी कणभर चाखतो. या सावधपणाला कारण आहे: उंदराला ओकारी काढता येत नाही. आपण काही वाईट खाल्लं तर ते बाहेर पडतं. उंदराच्या पोटात गेलं ते गेलं. म्हणून त्याची सगळी भिस्त आधीच्या खबरदारीवर आणि नंतरच्या आठवणीवर.

ही आठवण विलक्षण असते. १९५५ साली अमेरिकेत जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी देताना त्यांच्यावर गॅमा किरण सोडले. त्रास किरणांनी झाला, पण उंदरांनी दोष दिला गोड पाण्याला आणि पुढे ते टाळलं. १९६६ च्या प्रयोगात तर पाणी पिताना चवीबरोबर दिवा लागायचा आणि आवाजही व्हायचा. आजारी पाडलं तर उंदरांनी चव टाळली, दिव्या-आवाजाला काही मानलं नाही. विजेचा झटका दिला तर उलट झालं, दिवा आणि आवाज टाळला, चवीचं काही वाटलं नाही. पोट बिघडलं तर खाण्यात खोट, कातडीला इजा झाली तर बाहेर काहीतरी वाईट, असा हिशोब उंदराच्या मेंदूत जन्मापासूनच मांडलेला असतो. खाणं आणि त्रास यांत काही तासांचं अंतर पडलं तरी हा हिशोब जुळतो.

काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, इथेच फसते. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि काही तासांत त्रास होतो. कणभर चाखून वाचलेला उंदीर ती चव पुन्हा तोंडात घेत नाही.

मग १९४८ मध्ये वॉरफरिन हे उंदराचं नवं विष बाजारात आलं. सडलेलं क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरायची, त्या कोड्यातून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत ते जन्मलं. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि ते पुरे व्हायला जीवनसत्त्व के लागतं. काम झालं की हे जीवनसत्त्व वापरलेल्या रूपात जातं आणि एक विकर (एन्झाइम) त्याला पुन्हा ताजं करतं. वॉरफरिन त्या विकरालाच अडवतं. नवे घटक बनायचे थांबतात, पण रक्तात आधीचे फिरत असतात, ते संपायला दिवस लागतात. तोवर उंदीर धडधाकट, रोज येऊन खातोय. त्रास सुरू होतो तेव्हा दोष कुठल्या जेवणाला द्यायचा हे त्याला उमगत नाही. आज दुकानात ब्रोमाडिओलोनची वडी मिळते, ती याच घराण्यातली. आणि हेच वॉरफरिन डॉक्टर मोजून-मापून कृत्रिम झडप बसवलेल्या हृदयरुग्णांना देतात.

"एक मेला की तो बाकीच्यांना सांगतो" हाही समज खोटा. कॅनडात बेनेट गेलेफ यांनी दाखवलं, की उंदीर दुसऱ्याच्या श्वासाला येणारा खाण्याचा वास हुंगतो आणि तेच खाणं पसंत करतो. खाऊन आलेला उंदीर आजारी असला तरी! सावध करणं राहिलं बाजूला, ही तर शिफारसच झाली.

तरीही माळ्यावर वडी ठेवू नका असंच मी सांगेन. 'उंदीर घराबाहेर जाऊन मरतो' ही निव्वळ जाहिरात. तो बऱ्याचदा घरट्यातच मरतो आणि मग आठ दिवस घरभर वास. शिवाय मेलेला उंदीर घुबडानं खाल्ला तर विष त्याच्या पोटात. गव्हाणी घुबड एका रात्रीत दोन-चार उंदीर सहज फस्त करतं आणि आपण त्यालाच अपशकुनी म्हणून हाकलतो. भिंतीत खोचायच्या अल्ट्रासोनिक यंत्रावर पैसे घालवू नका. तो आवाज गादी-ट्रंकेआड पोचत नाही आणि उंदीर थोड्याच दिवसांत सरावतो.

मी साधे लाकडी चाप आणले. ओल्या खोबऱ्याचा तुकडा दोऱ्यानं बांधला आणि तेलकट पट्ट्यालगत, खोबऱ्याची बाजू भिंतीकडे करून ठेवले. चार रात्री चाप ताणलेच नाहीत. पहिल्या दोन रात्री खोबरं तसंच राहिलं, तिसऱ्या रात्री कुरतडलेलं दिसलं, चौथ्या रात्री साफ. पाचव्या रात्री ताणले. त्या आठवड्यात तीन सापडले. (पिंजऱ्यातला उंदीर शेजारच्या गल्लीत सोडून येणं हा पेठेतला जुना रिवाज. ती गल्ली त्याला परत पाठवते, एवढंच.)

वाट बुजवायची ती यानंतर. आधी बुजवली तर आत अडकलेले मरतात, नाहीतर नवं भोक पाडतात. १२ मिलिमीटरची फट त्यांना पुरते, म्हणजे जिथे तुमचं बोट शिरतं तिथे उंदीर शिरतो असं समजा. आमच्याकडे कौलं आणि भिंत यांच्यामधली सांद आणि केबलचं भोक अशा दोन जागा निघाल्या. तारेची घासणी कोंबून वर सिमेंट भरलं. कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी छाटली. लेंड्या झाडूनं कोरड्या झाडू नका. हातमोजे, मास्क घालून ब्लीचच्या पाण्यानं भिजवा, दहा मिनिटांनी पुसून घ्या. पावसाळ्यातल्या लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू उंदराच्या मुतातून येतात आणि पायाची साधी चीर त्यांना पुरते.

शेवटी तुळईलगत रांगोळीचा पातळ थर पसरला. पुढच्या पायांची चार बोटं, मागच्या पायांची पाच, असा ठसा उमटतो का ते रोज सकाळी शिडी चढून पाहायचो. काकू खालून हळूच विचारायच्या, "मामा आलं हुतं काय?" सहाव्या दिवशी रांगोळीत एकच नागमोडी रेघ उमटली होती. पालीच्या शेपटीची.