पावसाळ्यात ट्रेलर उभा करताय? आधी बॅटरीचं एवढं बघून घ्या

कॅराव्हॅन ट्रेलर, कॅम्पर, फूड ट्रक, ज्यांच्या मागच्या डब्यात लाईट-पंखा-पंप-फ्रिजसाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी बसवलेली आहे अशा आमच्या बॅटरीच्या दुकानाच्या सगळ्या गिऱ्हाईकांसाठी हे लिहिलंय. गाडी स्टार्ट करायची बॅटरी वेगळी, तिचा इथं संबंध नाही. कन्नडमधलं पान पण छापलंय, काउंटरवर मागा.

दरवर्षी एकच प्रकार होतोय. मे महिन्यात सगळे गोव्याला, आंबोलीला, दांडेलीला फिरून येतात, मृगाचा पाऊस लागला की ट्रेलर घराशेजारी नाहीतर मळ्यातल्या शेडमध्ये ताडपत्री घालून उभा राहतो आणि मग एकदम गणपतीत किंवा दसऱ्याच्या सुट्टीत बाहेर निघतो. त्या आठवड्यात खानापूर, निपाणी, संकेश्वर, चंदगड सगळीकडची बॅटरी एकाच वेळी आमच्या दारात. "काय ओ, वर्ष पण झालं नाही आणि बॅटरी बसलीच की, वॉरंटीत बदलून द्या, उद्या पहाटे निघायचंय." आम्ही म्हणतो ठेवून जावा, उद्या संध्याकाळी सांगतो, की माणूस चिडतो. म्हणून आम्ही असं का करतो आणि मुळात बॅटरी का बसते हे एकदा नीट सांगून टाकतो.

बॅटरी वापरून खराब होते त्यापेक्षा जास्त उभी राहून खराब होते, आणि त्यात पण अर्धी उतरलेली उभी राहून. ट्रिपवरून आला, सामान काढलं, ट्रेलर लावला आणि कुलूप घातलं, हीच ती चूक. त्या दिवशी बॅटरी अर्धी उतरलेलीच असते. अ‍ॅसिडची बॅटरी उतरते तेव्हा आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, ते नेहमीचंच आहे, लगेच चार्जिंगला लावली तर ते विरघळून परत जातं. पण तसंच महिना-दोन महिने राहिलं की पावसाळी हवेत उघड्या राहिलेल्या सिमेंटच्या पोत्यासारखं घट्ट होतं आणि मग कितीही चार्ज करा, तेवढा भाग कामाचा राहत नाही. १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप) बॅटरी दसऱ्याला ४० एएचची होऊन बसते. चार्जर लावला की लगेच फुल दाखवते आणि रात्री दोन पंखे लावले की बारा वाजायच्या आत बंद. हे लक्षण सांगणारा फोन आला की बॅटरी न बघताच आम्हाला अंदाज येतो.

आता बरेच जण म्हणतात आम्ही मेन स्विच बंद करून ठेवला होता. ठेवला असणार, पण बऱ्याच ट्रेलरमध्ये त्या स्विचच्या आधीच दोन-तीन वायरी थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात. गॅस लीक झाला की वाजणारा अलार्म, म्युझिक सिस्टीमची मेमरी, सोलर कंट्रोलरचा डिस्प्ले. एकेकाचा करंट किरकोळ, पण सगळे मिळून ०.१ अँपिअर जरी खात असले तरी दिवसाला २.४ एएच जातात, म्हणजे महिन्याला ७२ एएच. १०० ची बॅटरी चाळीस-बेचाळीस दिवसांत पूर्ण झोपते आणि आपला पावसाळा तर चार महिन्यांचा, खानापूरकडं तर विचारूच नका. शिवाय काहीच जोडलेलं नसलं तरी अ‍ॅसिडची बॅटरी आपली आपण थोडी थोडी उतरतेच, उकाड्यात जास्त.

दुसरी गोष्ट हल्ली नवीन सुरू झालीय. मोबाईलवर व्हिडिओ बघून लोक येतात की बॅटरी ठेवताना अर्ध्या चार्जवर ठेवायची असते. ते लिथियमबद्दल सांगितलेलं असतं! लिथियम बॅटरी चार-सहा महिने ठेवायची असेल तर अर्ध्याच्या आसपास ठेवणं बरोबर आहे. साधी अ‍ॅसिडची, जेलची, एजीएम, ट्यूबलर, या सगळ्या अ‍ॅसिडच्याच जातीच्या, त्या मात्र फुल करूनच ठेवायच्या. आपली कुठली आहे माहीत नसेल तर लेबलचा फोटो काढून पाठवा, विचारायला पैसे लागत नाहीत.

तर उभा करायच्या आधी काय करायचं ते ऐका. ट्रिपवरून आल्यावर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी तरी, घरच्या लाईटवर चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरून घ्या. गाडी चालवताना चार्ज झाली असेल म्हणून सोडू नका. चोर्ल्यातून गोव्याहून यायला तीन-चार तास लागतात आणि गाडीच्या प्लगमधून मागं येणारी वायर बारीक आणि लांब असते, मागं पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, आणि शेवटचा पाचवा हिस्सा भरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. साधारण १०० एएचला १० अँपिअरचा चार्जर धरा आणि पूर्ण रात्र द्या. मग दोन्ही वायरी काढून ठेवा, काळी म्हणजे निगेटिव्ह आधी, लाल नंतर. लावताना उलटं, लाल आधी, काळी शेवटी. असं का, तर काळी जोडलेली असताना लालचा बोल्ट सोडताना पाना चुकून चॅसीला लागला तर थेट शॉर्ट, पाना तिथंच चिकटतो आणि लाल होतो. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून बाजूला ठेवा. अंगठी शॉर्टमध्ये सापडली तर बोट भाजतं, हे सोनारापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना लागू आहे.

नंतर महिन्यातून एकदा मीटर लावून बघा. चार्जर काढल्यावर निदान रात्रभर तशीच ठेवून मग मोजायचं, लगेच मोजलं तर आकडा फसवतो. १२.६ किंवा १२.७ म्हणजे फुल. १२.४ ला परत चार्जिंगला लावा, इथंच लावायचं, वाट बघायची नाही. १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. हे आकडे अ‍ॅसिडच्या बॅटरीचे, लिथियमला ते लागू नाहीत, तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत फारसं हलतच नाही म्हणून तिला वेगळा मॉनिटर लागतो.

इलेक्ट्रिक ब्रेक असलेला ट्रेलर असेल तर एक लक्षात ठेवा. ट्रेलर गाडीपासून सुटला तर जो ब्रेक आपोआप लागतो तो बऱ्याच ट्रेलरमध्ये याच बॅटरीवर लागतो. म्हणून उभं असताना वायरी काढा पण रस्त्यावर काढायच्या आधी जोडल्यात का, चार्ज आहे का ते बघूनच हूक करा. गॅसच्या अलार्मचं पण तेच, आत कोणी झोपणार असेल तर तो चालूच पाहिजे, बॅटरी वाचवायला तो बंद करायचा नाही.

पाण्याबद्दल. फक्त डिस्टिल वॉटर. आरओचं नाही, बाटलीतलं पिण्याचं नाही, पावसाचं नाही, एसीतून गळणारं तर अजिबात नाही, त्यात धूळ आणि धातूचे कण येतात. आणि पाणी टाकायचं ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते, आधीच तोंडापर्यंत भरलं तर अ‍ॅसिड बाहेर येऊन ट्रे खातं. प्लेटा उघड्या दिसत असतील तर तेवढ्या बुडतील इतकंच टाकून मग चार्ज करा. अ‍ॅसिड वरून कधीच घालायचं नाही, उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. आमच्याकडं कोणी बाटलीत सुटं अ‍ॅसिड मागायला आलं तर आम्ही देत नाही, राग मानू नका.

आता जीवाशी संबंध आहे ते. चार्ज होताना अ‍ॅसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की एका ठिणगीवर पेटतो, त्याला वास नाही, रंग नाही. पाऊस येतोय म्हणून ट्रेलरची खिडकी-दार सगळं लावून आत चार्जर चालू ठेवणारे लोक आहेत आणि आम्हाला खरंच भीती वाटते. बॅटरीचा बॉक्स बाहेरून हवा खेळणारा पाहिजे, वर भोक पाहिजे कारण हा गॅस वर जातो, आणि गॅस सिलिंडर त्याच कप्प्यात नको. झोपायच्या बेडखाली पाण्याची, म्हणजे वरून पाणी टाकावं लागणारी बॅटरी बसवून द्या म्हणून कोणी कितीही सांगितलं तरी आम्ही बसवत नाही. चार्जरचे क्लिप लावताना आणि काढताना आधी भिंतीवरचं बटण बंद. बिडी-सिगारेट तर लांबच.

चार्जिंगला असताना कुजक्या अंड्यासारखा वास आला किंवा बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या, हात लावला तर चटका बसतोय, तर चार्जर बंद करा, दारं उघडा, बाहेर या. थंड झाल्यावर आम्हाला बोलवा, स्वतः उचलून आणू नका. डोळ्यात अ‍ॅसिडचा थेंब गेला तर चोळायचं नाही, नळाच्या साध्या पाण्यानं निदान पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडं. जमिनीवर सांडलं तर खाण्याचा सोडा टाका, फेस यायचा थांबला की पाण्यानं धुवा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी पण सोड्याच्या पाण्यानं जाते, फक्त झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत गेला तर बॅटरी बिघडते. नंतर कोरडं पुसून व्हॅसलिन लावा.

आता वॉरंटीचं आणि बॅटरी चोवीस तास का ठेवून घेतो त्याचं. उतरलेली बॅटरी टेस्टरला लावून काहीच कळत नाही, चांगली असली तरी फेल दाखवते. म्हणून आधी आम्ही ती हळूहळू पूर्ण चार्ज करतो, मग थोडा वेळ तशीच ठेवतो, मग हायड्रोमीटरनं सहाही सेलची (सेल म्हणजे बॅटरीतले वेगवेगळे कप्पे) ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं अ‍ॅसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते, घेतो आणि शेवटी लोड देतो. पाच सेल १.२५० दाखवतात आणि एकच १.१०० ला अडकलाय, तर तो सेल गेलाय, दोष बॅटरीचा, आम्ही स्वतः क्लेम भरतो आणि तुमच्यासाठी कंपनीशी भांडतो. पण सहाही सेल सारखेच खाली, सगळे १.१२० च्या आसपास, आणि चार्ज करून पण वर येत नाहीत, तर बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून होती. कंपनीचा माणूस पण हेच आकडे बघतो, कार्डावर तारीख काय आहे ते नंतर. आम्ही हे आकडे कागदावर लिहून तुमच्या हातात देतो, दुसरीकडं दाखवून खात्री करून घ्या. काउंटरवरच "बदलून देतो" म्हणणारा दुकानदार गोड वाटतो, पण नवीन बॅटरीचे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात ते बघा. आमच्याकडं येणाऱ्यातल्या काही बॅटऱ्या हळू चार्ज करूनच परत उभ्या राहतात, तेव्हा आम्ही फक्त चार्जिंगचे पैसे घेतो.

चार्जरवर पण थोडं. जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर लावून आठवडाभर विसरलं तर तो पाणी उकळून संपवतो, कारण त्याला थांबायचं कळत नाही. १४.४ च्या आसपास जाऊन बॅटरी भरली की आपोआप साडेतेराच्या आसपास खाली येणारा चार्जर घ्या, तो पावसाळाभर लावून ठेवला तरी चालतो, फक्त हवा खेळती पाहिजे आणि पाणी महिन्याला बघायचं. लिथियमला तिचाच चार्जर लागतो, अ‍ॅसिडवाल्या चार्जरचा डिसल्फेशनचा (प्लेटांवरचं सल्फेट काढायचा) मोड तिला चुकूनही द्यायचा नाही. दोन बॅटऱ्या जोडीनं असतील तर बदलताना दोन्ही बदला, जुनी नवीला ओढून खाली नेते. आणि ७५० वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर १२ व्होल्टवरून ७० अँपिअर ओढले जातात, तेवढ्याला जाड वायर आणि बॅटरीला लागूनच फ्यूज पाहिजे, घरातली दीड एमएमची वायर टाकून दिलेली आम्ही बघितलीय, जळून काळी झालेली.

ज्यांना हे सगळं जमत नाही किंवा पुण्या-बेंगळुरात नोकरी असल्यामुळं ट्रेलर गावाकडंच पडून असतो त्यांच्यासाठी आम्ही पावसाळ्यात बॅटरी आमच्याकडं ठेवून घेतो. फुल चार्ज, महिन्याला तपासणी, पाणी, टर्मिनल साफ, आणि निघायच्या आदल्या दिवशी ग्रॅव्हिटीच्या कागदासकट बसवून देतो. भाडं बॅटरीच्या साईजप्रमाणं, काउंटरवर लिहून लावलंय. थेट बॅटरीच्या निगेटिव्हलाच बसणारा कट-ऑफ स्विच आणि छोटा व्होल्टमीटर पण आहे, एका तासात बसतो, नवीन बॅटरीपुढं त्याची किंमत काहीच नाही. ट्रेलरमधल्या कुठल्या वायरी स्विचच्या आधी घेतल्यात हे तपासून पाहिजे असेल तर ट्रेलर घेऊन या, क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजणारा) लावून तुमच्यासमोरच दाखवतो.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन टाकू नका. ते अ‍ॅसिड नाल्यात ओततात आणि तेच पाणी पुढं विहिरीत उतरतं, २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्सप्रमाणं ती रीतसर गोळा करणाऱ्याकडंच गेली पाहिजे. आमच्याकडं वजन करून नवीनच्या किमतीतून वजा होते.

पावसाळी ठेवणीसाठी बॅटरी जूनच्या पहिल्या आठवड्यात आणून दिलीत तर बरं. येताना वॉरंटी कार्ड आणा, बॅटरी उभीच ठेवा, आडवी करू नका, आणि वायरी काढायच्या आधी कुठली कुठं होती त्याचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा.