ब्रॉयलर पेलेट खाद्याला आयएसआय मार्क : अर्ज, कागदपत्रे आणि नमुना नापास का होतो

वाफेवर शिजवून पेलेट (दाबून केलेल्या कांड्या) किंवा क्रम्बल (त्या कांड्यांचा जाडसर चुरा) केलेल्या ब्रॉयलर खाद्याच्या गोणीवर आयएसआय मार्क छापायचा, तर भारतीय मानक ब्युरोचा म्हणजे बीआयएसचा परवाना लागतो. कोंबडीखाद्याचे मानक आयएस १३७४ : २००७.

परवाना कारखान्याच्या पत्त्यावर मिळतो. मस्जिद बंदरला ऑफिस आणि मुरबाडला प्लांट असेल, तर अर्जात पत्ता मुरबाडचा. दोन प्लांट असतील तर दोन परवाने. नुसता खरेदी-विक्री करणारा व्यापारी इथे पात्र नाही.

अर्ज ‘मानक ऑनलाइन’ पोर्टलवर भरायचा. मुंबईतले बीआयएसचे कार्यालय अंधेरी पूर्वेला, मरोळ एमआयडीसीत आहे. अर्ज शुल्क १,००० रुपये, वार्षिक परवाना शुल्क १,०००. तपासणी आणि मार्किंग फी (मार्क वापरण्याचे शुल्क) वेगळी. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचे) जोडायला विसरू नका, लघुउद्योगाची मार्किंग फीमधली सवलत त्याच्यावर मिळते.

सोबत जोडायचे : कारखान्याच्या पत्त्याचा पुरावा, सही करणाऱ्याचे ओळखपत्र, प्लांटचा नकाशा, प्रक्रियेचा फ्लो चार्ट, यंत्रांची आणि लॅबच्या उपकरणांची यादी, उपकरणे अचूक मोजतात याची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे, क्वालिटी सांभाळणाऱ्या माणसाची पदवी. नमुन्याचा मान्यताप्राप्त लॅबचा अहवाल आधीच जोडला, तर सोप्या पद्धतीने काम लवकर होते. नाहीतर अधिकारी प्लांट पाहून नमुना उचलतात आणि निकालाची वाट पाहावी लागते. फ्लो चार्टमध्ये कूलर (गरम पेलेट थंड करणारे यंत्र) दाखवला आणि जागेवर तो बंद पडलेला असला, तर गाडी तिथेच अडते. बॉयलरची नोंदणी आणि चालू प्रमाणपत्र हा बाष्पके संचालनालयाचा वेगळा विषय, पण फाइल हाताशी असू द्या.

आता नमुना कशावर नापास होतो ते. मानकात प्रथिनांची किमान मर्यादा प्री-स्टार्टरला (अगदी लहान पिल्लांचे खाद्य) २३ टक्के, स्टार्टरला (त्यानंतरचे) २२, फिनिशरला (विक्रीआधीचे शेवटचे) २०. फॉर्म्युला नीट बसवला असेल तर इथे सहसा अडत नाही. अडते ओलाव्यावर; कमाल मर्यादा ११ टक्के. कंडिशनरमध्ये, म्हणजे वाफ देणाऱ्या यंत्रात, मॅश (दळलेले खाद्य) ८०-८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि वाफेतून ३ ते ५ टक्के पाणी पितो. ते पाणी कूलरमध्येच निघायला हवे. पेलेट कोमट असतानाच गोणी शिवली की आत घाम धरतो, आणि जुलैत आपल्याकडच्या हवेत चार दिवसांत गठ्ठे होऊन बुरशी लागते. गोणी भरण्याआधी मूठभर पेलेट हातात घ्या : बाहेरच्या हवेपेक्षा पाचेक अंशांहून जास्त गरम लागता कामा नयेत.

दुसरी अडचण अफ्लाटॉक्सिन बी१ची, म्हणजे बुरशीतून तयार होणाऱ्या विषाची; मर्यादा २० पीपीबी (अब्जात २० भाग). वाफेने साल्मोनेला हा जंतू मरतो, अफ्लाटॉक्सिन तसेच राहते. म्हणून मका उतरवतानाच तपासा, आणि नमुना एकाच पोत्यातून न घेता गाडीभर ठिकठिकाणाहून काढा. विष एका कोपऱ्यात साठलेले असते.

मार्कच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल क्रमांक, म्हणजे तुमच्या परवान्याचा क्रमांक येतो. तो क्रमांक हातात पडेपर्यंत गोण्यांची छपाई देऊ नका; परवान्याआधी मार्क वापरणे हा २०१६च्या बीआयएस कायद्याखाली गुन्हा आहे.