जुनी गाडी घेताय? वॉरंटीचे पैसे देण्याआधी हे वाचा

आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, आर्णी, जि. यवतमाळ

कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की आमच्या गॅरेजसमोर जुन्या गाड्या यायला लागतात. कोणी यवतमाळहून घेऊन येतो, कोणी अमरावती-नागपूरहून. काही जण सौदा करायच्या आधी गाडी दाखवून घेतात, बरेच जण सौदा झाल्यावर येतात. (उलटं असायला पाहिजे, पण असो.) अलीकडे आरसी, विमा आणि पीयूसीसोबत त्यांच्या हातात आणखी एक कागद दिसतो, एक्स्टेंडेड वॉरंटीचा, म्हणजे गाडीचा आतला पार्ट बिघडला तर दुरुस्त करून देण्याच्या, पैसे भरून घेतलेल्या हमीचा. "भाऊ, हे घ्यावं का नाई?" हा प्रश्न इतक्यांदा आला, की एकदा लिहूनच काढावं म्हटलं.

आधी एक कबुली. आम्हीही वर्षाकाठी आठ-दहा जुन्या गाड्या विकतो, आणि गाडीसोबत वॉरंटी विकली की आम्हाला कमिशन मिळतं. जो कोणी तुम्हाला वॉरंटी घ्या म्हणतो, त्याला बहुतेक ते मिळतच असतं. तेव्हा आमचंही म्हणणं तपासूनच घ्या.

गाडी कोणती आहे हे लोक आधी विचारतात. आम्ही आधी गाव विचारतो. तुमच्या गावातून त्या वॉरंटीचा क्लेम खरंच करता येईल का, यावर तिची किंमत ठरते. नागपुरात राहणाऱ्यासाठी जी वॉरंटी बरी, तीच महागावच्या आतल्या खेड्यात राहणाऱ्याला नुसता कागद ठरू शकते.

विमा वेगळा, वॉरंटी वेगळी

"माझा फुल इन्शुरन्स आहे, मग वॉरंटी कशाला?" असं कोणी ना कोणी म्हणतंच. गाडी झाडावर आदळली, चोरीला गेली, पुरात बुडाली, तर विमा. चालता चालता अल्टरनेटर गेला, गिअरबॉक्सने आवाज धरला, एसीचा कॉम्प्रेसर बसला, तर विमा कंपनी एक पैसा देत नाही. तिथे वॉरंटीचं काम सुरू होतं. दोन्ही कागद एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

विम्यावरून आठवलं. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमाही स्वतःच्या नावावर करायला कंपनीकडे अर्ज द्यायचा असतो. हे आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. पहिल्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो. वॉरंटीचं नंतर बघू, हे आधी करा.

कागदावर मोठ्या अक्षरात काय, बारीक अक्षरात काय

मोठ्या अक्षरात इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसी, इलेक्ट्रिकल असं लिहिलेलं असतं. वाचून वाटतं, आता काही उरलंच नाही. बारीक अक्षरांत क्लच प्लेट, ब्रेक पॅड, डिस्क, टायर, बॅटरी, वायपर, बेल्ट, बल्ब, रबराचे भाग, सस्पेन्शनचे बुश हे सगळं वगळलेलं असतं. याला ते झीज म्हणतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर जुन्या गाडीचं पहिल्या वर्षात नेमकं हेच काम निघतं. पांदणीतून, शेतातून गाडी काढली की लिंक रॉड आणि बुश वाजायला लागतात. त्याला वॉरंटी नाही.

गोठ्यात उभ्या केलेल्या गाडीची वायरिंग उंदराने खाल्ली, तर तीही नाही. बाहेरून सीएनजी किट बसवलं, मोठा साउंड बसवताना वायर कापली, तर त्या भागाचा, कधी कधी तर सगळाच क्लेम गेला. मीटर मागे फिरवलेलं निघालं तरी तसंच, मग ते तुम्ही फिरवलेलं असो की पहिल्या मालकाने. आणि पांढऱ्या पाटीची गाडी काळी-पिवळीसारखी पैसे घेऊन चालवत असाल, तर वॉरंटीच काय, अपघात झाला तर विम्याचाही घोळ होतो.

दुधाच्या चहासारखं ऑइल

दिग्रसकडचे एक शेतकरी. चार वर्षं जुनी डिझेल गाडी, वॉरंटीसकट घेतलेली. मे महिन्याची दुपार, यवतमाळहून परत येताना इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, बाटलीतलं पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबले आणि निघाले. पुन्हा तापली, पुन्हा पाणी. असं करत करत घरापर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्त्रीने इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवलं.

आमच्याकडे गाडी आली तेव्हा आम्ही डिपस्टिक, म्हणजे ऑइल तपासायची पट्टी, ओढून बघितली. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा. हेड गॅस्केट जळून कुलंट ऑइलमध्ये उतरलं होतं. मूळ बिघाड काय, तर रेडिएटरच्या खालच्या नळीला बारीक चीर. तीनशे-चारशे रुपयांचं काम. त्याचं झालं हेड फेसिंग, गॅस्केट, नवीन ऑइल, कुलंट आणि आठवडाभर गाडी उभी.

त्यांचं म्हणणं साधं होतं, "वॉरंटी हाय ना भाऊ, मंग पैसे काहून मांगता?" वॉरंटीवाल्यांनी क्लेम नाकारला, आणि कागदाप्रमाणे त्यांचं चुकलं नव्हतं. एक कारण असं, की तापलेली गाडी चालवत राहिल्याने झालेलं नुकसान धरत नाहीत. दुसरं त्याहून महत्त्वाचं. मंजुरी यायच्या आधी इंजिन खोललेलं होतं. त्यांचा माणूस येऊन बघेपर्यंत पान्यालाही हात लावायचा नाही, ही अट जवळपास प्रत्येक कागदात असते. मिस्त्रीने चांगल्या मनाने हेड उतरवलं आणि क्लेम तिथेच संपला.

ही चूक आपल्याकडे सारखी होते, कारण गाडी बंद पडली की आपण आधी ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावतो. वॉरंटी घेतली असेल तर पहिला फोन वॉरंटीच्या नंबरवर. क्लेम नंबर लिहून घ्या. मग आम्हाला लावा. काटा लाल झाला तर इंजिन बंद करा आणि गाडी तिथेच राहू द्या. पंचेचाळीस डिग्रीत हे सांगणं सोपं, करणं अवघड, हे आम्हालाही कळतं.

अंतराचा हिशेब

क्लेमचं काम बहुतेक वेळा ठरवून दिलेल्या वर्कशॉपमध्येच होतं. आर्णीहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. तिथे ते वर्कशॉप नसेल तर अमरावती, नाही तर दोनशेच्या घरात नागपूर. मोफत टोइंग असतं, पण किती किलोमीटरपर्यंत, ते कागदात बघा. त्यापुढचे पैसे तुमचे. मग तपासणी, मंजुरीची वाट, पार्ट मागवणं, गाडी आणायला पुन्हा एक चक्कर. पेरणीच्या दिवसांत गाडी आठ दिवस अडकली तर तो खर्च कुठल्याच क्लेममध्ये येत नाही.

शिवाय वॉरंटी चालू राहायला सर्व्हिसही वेळेवर आणि बिलासकट हवी, साधारण दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा. आमच्यासारख्या गॅरेजचं बिल चालतं की कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरचं लागतं, हे आधी विचारा. कित्येकांना ते क्लेमच्या दिवशी कळतं.

मग घ्यावी कोणी?

आमच्या अंदाजाने पेट्रोलच्या साध्या मॅन्युअल गाड्या, सात-आठ वर्षं जुन्या, त्यांना वॉरंटी घेऊ नका. त्यांच्यात इंजिन-गिअरबॉक्सचं मोठं काम निघण्याची शक्यता कमी, आणि जे काम निघतं ते झिजेचं. समजा वॉरंटी १२,००० रुपयांना पडते, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६० रुपये. हेच पैसे पोस्टात किंवा बँकेत वेगळे ठेवा. लहान गाडीची क्लच प्लेट, ब्रेक आणि वर्षाची सर्व्हिस त्यात बऱ्यापैकी भागते. काही निघालंच नाही तर पैसे तुमचेच.

गोष्ट बदलते ती दोन प्रकारच्या गाड्यांत. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, डिझेल गाड्यांत इंजेक्टर, टर्बो, सेन्सर हे सगळं महाग आहे. एकेका इंजेक्टरचं बिल पाच आकड्यांत जातं, आणि ते चार असतात. ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर बदलणारं युनिट गेलं तर आमच्याकडे ते सुधारण्याचा प्रश्नच नसतो, गाडी शोरूमलाच जाते. अशी गाडी पाच वर्षांच्या आतली असेल, सर्व्हिसची नोंद पूर्ण असेल आणि तुमचं यवतमाळ-नागपूर जाणं-येणं असेल, तर वॉरंटी घ्या. तिथे एक क्लेमही पैसे वसूल करून जातो. फक्त एका क्लेमला जास्तीत जास्त किती आणि वर्षभरात मिळून किती, हे दोन आकडे बघून घ्या. काही कागदांत ही मर्यादा इतकी कमी असते, की टर्बोचं अर्धंही बिल निघत नाही.

डिझेलवाल्यांसाठी एक बाजूची गोष्ट. बीएस-सिक्स डिझेल गाडीला धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. रोज घर ते शेत दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो भरत जातो. मोकळा व्हायला गाडीला अधूनमधून महामार्गावर एका वेगात वीस-पंचवीस मिनिटं पळवावं लागतं. डीपीएफ जाम झाला तर त्याला बऱ्याच कागदांत वापराचा दोष धरतात. जवळच फिरायचं असेल तर डिझेल घेऊच नका, असं आम्ही सरळ सांगतो. नागपूर-तुळजापूर महामार्ग दारासमोरून जातो ते बरं आहे.

दिल्लीकडून स्वस्तात आलेल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दल फार लिहीत नाही. तिकडे अशा गाड्यांवर बंदी आली म्हणून त्या इकडे यायला लागल्या. त्यांना वॉरंटी देणारा भेटला तर त्याचाच कागद नीट वाचा.

कंपनीची की तिसऱ्याची

गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. ती गाडीसोबत येते. मारुतीने जुलै २०२४ मध्ये नव्या गाड्यांची वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, आणि पैसे भरून ती ६ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवता येते. म्हणजे कमी जुन्या गाडीवर आधीच वॉरंटी असू शकते, आणि विकणारा तीच दाखवून वर दुसरी विकत असतो. शोरूमला गाडीचा नंबर देऊन एक फोन करा. शिल्लक किती, पहिल्या मालकाने वाढवली होती का, तुमच्या नावावर करायला काय लागतं, हे तिथेच कळतं. सर्व्हिसच्या नोंदींवरून मीटरचा खरेपणाही कळतो, हा वरचा फायदा.

कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांतून, जसं मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूमधून, तपासून दिलेल्या गाडीला १ वर्षापर्यंत वॉरंटी आणि ३ मोफत सर्व्हिस मिळतात. गाडी थोडी महाग पडते, पण त्या किमतीत हे धरूनच बघा.

बाकी उरल्या तिसऱ्याच कोणा कंपनीच्या, डीलरने दिलेल्या वॉरंट्या. काही चांगल्या आहेत. पण डीलरच्या लेटरहेडवर "इंजिन-गिअरबॉक्स ६ महिने गॅरंटी" असं हाताने लिहून शिक्का मारलेला असेल, तर तो माणूस सहा महिने फोन उचलेल का, एवढाच प्रश्न आहे.

क्लेम नाकारला आणि तुम्हाला तो चुकीचा वाटतो

नाकारल्याचं कारण लेखी मागा. फोनवरचं "होत नाही" धरू नका. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथून सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी मुंबईची असो की गुरुग्रामची, तुम्ही यवतमाळलाच दाखल करा. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची. पावती, कागद, सर्व्हिसची बिलं आणि फोटो यावरच तिथे सगळं चालतं, म्हणून ती बिलं डॅशबोर्डच्या कप्प्यात उन्हाने पांढरी होऊ देऊ नका. घरी ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

आमचीही एक चूक

तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला आम्ही वॉरंटी विकली आणि गाडी वयाच्या अटीत बसत नव्हती, हे आम्ही बघितलंच नाही. अल्टरनेटर गेला तेव्हा कळलं. पैसे आम्ही खिशातून परत केले. अल्टरनेटरही आम्हीच बसवून दिला, मजुरी न घेता. तेव्हापासून वॉरंटीच्या पावतीवर शिक्का मारण्याआधी गाडीचं वय, किलोमीटर, वर्कशॉपचं गाव आणि क्लेमची मर्यादा आम्ही पेनाने लिहून तुमच्यासमोर वाचून दाखवतो. तुम्ही दुसऱ्याकडून घेत असाल तरी कागद आमच्याकडे आणा, तेवढंच वाचून देऊ. त्याचे पैसे नाहीत. गाडी तपासायची असेल तर स्कॅनर लावून, रॅम्पवर चढवून पाऊण तास लागतो, त्याचे ६०० रुपये. गाडी थंड असताना आणा, गरम इंजिन बरंच काही लपवतं. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, सकाळी नऊच्या आत या.